बाई भाऊंची, बैल बापूंचा

"बाई माझ्याकडे राहू दे, बैल तू घेऊन जा."

"नेतो भाऊ. पण कापताना पाय बराबर आले पायजे तिचे. लंगडी नको करू बाईले."

मी हातातली जिलबी तशीच धरून बसले. बुऱ्हाणपुरात पोचून मला जेमतेम अर्धा तास झाला होता. मांडीवरच्या ताटलीत माव्याची जिलबी होती. रंगाने गुलाबजामसारखी, जाडीला अंगठ्याएवढी, आणि इतकी गरम की पाक बोटांवरून मनगटाकडे निघाला होता. आतल्या खोलीत दोन पुरुष एका बाईला कापायच्या गोष्टी करत होते आणि त्यांच्या आवाजात इतकं प्रेम होतं की मला भीतीसुद्धा नीट वाटेना.

मी ज्या घरी उतरले होते ते माझी मैत्रीण रुचिता हिचं घर. पुण्यात आम्ही एकाच खोलीत राहतो. पोळ्याला आम्ही दोघी मिळून येणार होतो. आयत्या वेळी तिची रजा रद्द झाली आणि ती म्हणाली, "तू जा. आईने तुझ्यासाठी डाळ भिजवायचं ठरवलंय, आता नाही म्हणायचं नाही." मी एकटीने केलेला हा पहिलाच प्रवास. मी फार बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, त्यामुळे दोन्ही भाषांत मी आधी मनात वाक्य जुळवते आणि ते जुळेपर्यंत समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असतात. नोकरीही तशीच शोधली आहे. एका छोट्या संग्रहालयात मी वस्तूंखालच्या पाट्या लिहिते. पन्नास शब्द, बस. वाचणारे मला दिसत नाहीत, मी त्यांना दिसत नाही.

रुचिताची आई, म्हणजे काकू, चहा घेऊन आल्या. माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळलं.

"अगं ते देवाचं बोलून राहिले," त्या हसत म्हणाल्या. "ये, दाखवते."

देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलाच एक कोनाडा. वर गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खाली एका पाटावर लाल कापडाचं बोचकं. काकूंनी पदराला हात पुसून कापड उलगडलं, आणि मी एकदम पुढे वाकले.

दीड वीत उंचीचा ब्राँझचा बैल. मान वळवलेली, नाकपुड्या फुगलेल्या, गळ्यात फुलांची माळ, तीही धातूचीच. त्याच्या पाठीवर एका बाजूला पाय सोडून बसलेली मुलगी. तिच्या एका हातात बैलाचं शिंग, दुसरा हात वर, आणि त्या हातातलं वस्त्र वाऱ्याने फुगून डोक्यामागे कमानीसारखं झालेलं. काकू त्या कमानीला प्रभावळ म्हणाल्या. मुलीला खणाची इवलीशी चोळी शिवून घातली होती, नाकात मोत्याची नथ दोऱ्याने बांधली होती. पायथा दिसतच नव्हता. हळद, कुंकू, तेल आणि शेंदूर यांचा काळा-तांबडा थर बसून तिथे एक ओबडधोबड ढेकूळ झालं होतं.

ही युरोपा होती. ग्रीक पुराणातली राजकन्या. कॉलेजात मी तिची चित्रं शंभरदा पाहिली होती, पडद्यावर, अंधाऱ्या वर्गात. आणि आता ती बुऱ्हाणपुरात, नथ घालून, डाळीच्या डब्याशेजारी बसली होती! मला ओरडायचं होतं. मी म्हटलं, "छान आहे."

"आमच्या सासऱ्यांच्या आजोबांना मिळाली," काकू सांगू लागल्या. ते कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होते. तिथला गोरा साहेब परत जाताना सामान वाटत सुटला, कोणाला खुर्ची, कोणाला घड्याळ, ह्यांना ही. आजोबांनी विचारलं, कोण आहे? साहेबाने काहीतरी सांगितलं, ते आजोबांना कळलं नाही. बैल आहे, वर बाई आहे, फुलं आहेत, म्हणजे देवच. तेव्हापासून श्रावणात कानबाई बसते तेव्हा तिच्या नारळाशेजारी ही बाई बसते, आणि पोळ्याला ह्याच बैलाची पूजा होते. कानबाई हा खानदेशातला सण. रविवारी ती बसते आणि भाऊबंद सगळे एकत्र येऊन रोट खातात. आमच्या पुण्याकडे मी तिचं नावही ऐकलं नव्हतं.

मग मुख्य गोष्ट कळली. गेल्या वर्षी रुचिताची आजी वारली आणि दोन्ही भावांनी वाटणी करून घेतली. थोरले भाऊ, रुचिताचे वडील, निवृत्त शिक्षक, शहरातल्या या घरात. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. धाकटे बापू निंबोल्याला, शेतीवर. भांडण औषधालाही नाही. उलट अडचण अशी की दोघंही "तूच घे" म्हणतात. एक पितळी घंगाळ आठ महिने अंगणात उन्हापावसात पडलंय, कारण दोघांपैकी कोणी ते उचलायला तयार नाही. चूल वेगळी झाली की कानबाई वेगळी बसते, आणि एकदा एका चुलीपाशी बसलेला देव दुसऱ्या घरी ये-जा करत नाही, असा यांचा रिवाज. कानबाई थोरल्याच्या घरची. पोळा बैलवाल्याच्या घरचा. बाई एकीकडे, बैल एकीकडे. भाऊंनी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यांना वाटण्या आवडतात. ते बाहेर येऊन मला म्हणाले, "वाटणी कशी पाहिजे बेटा? बाकी शून्य. परवा भांडी घडवणाऱ्या उस्तादकडे नेऊ, तो साफ कापून देईल. रविवारी पोळा आहे, त्याच्या आत बैल निंबोल्यात पोचला पाहिजे."

परवा म्हणजे शनिवार. मी "हो का" म्हटलं आणि जिलबी संपवली. ती तेव्हाही तितकीच चांगली लागली, हे कबूल करते.

संध्याकाळी रुचिताला मेसेज केला. तुमच्या देवघरात युरोपा आहे. ती म्हणाली, कोण? अगं ती बैलबाई आहे. मी लिहिलं, तिला कापणार आहेत. ती म्हणाली, ठरलंय ते, तू बोल ना, तू त्यातलं शिकलीयेस. मी लिहिलं, तू बोल, तुझे वडील आहेत. तिचं उत्तर आलं: "म्हणून तर ऐकणार नाहीत. तू पुण्याची पाहुणी, तुझं ऐकतील." आणि खाली हसणारे तीन चेहरे.

शुक्रवार, कुंडी भंडारा आणि निंबोला

सकाळी भाऊंनी स्कूटरवरून कुंडी भंडारा दाखवायला नेलं. मुघलांच्या काळात सातपुड्यातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं होतं, आणि त्या बोगद्यावर ओळीने विहिरीसारखी गोल तोंडं आहेत. एरवी पाळण्यातून खाली उतरता येतं, अगदी खाली, पाण्यात पाय घालून चालता येतं. आम्ही गेलो तेव्हा पाळणा बंद होता. मग एकेका तोंडाशी वाकून बघत हिंडलो. खालून गार वारा येत होता आणि पाण्याचा इतका हलका आवाज की तो आहे की भास आहे कळेना.

भाऊंनी वाकून स्वतःचंच नाव हाकारलं. विहिरीने ते तीनदा परत केलं. "आता तू," ते म्हणाले. मी "हॅलो" म्हटलं. विहिरीने घेतलं आणि ठेवून दिलं.

"शाळेत तुझ्यासारखी पोरं पहिल्या बाकावर बसवायचो मी," भाऊ म्हणाले. "त्यांना येतं सगळं. फक्त विचारावं लागतं."

मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं, "केळी खाणार?"

दुपारी बापू मोटारसायकलवरून निंबोल्याला घेऊन गेले. तापीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. घडांना निळ्या प्लास्टिकचे झगे घातले होते, त्यामुळे सगळं शेत शाळेच्या गॅदरिंगला उभं असल्यासारखं दिसत होतं. मी फोटो काढायला आत शिरले, एका कापलेल्या दांड्याला घासले, आणि माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर पाण्यासारखं काहीतरी लागलं. मी रुमालाने पुसलं.

"चीक आहे तो," बापू म्हणाले. "आता दिसून नाही राहिला. उद्या काळा होईल. मंग मरेपर्यंत जाणार नाही."

"साबणाने?"

"साबण जाईल बेटा, डाग नाही जाणार." मग माझं तोंड बघून, "चांगलं आहे ना. आता हा कुर्ता बुऱ्हाणपूरचा झाला."

जेवायला त्यांच्याकडे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती. बट्टी कुस्करून त्यावर तूप ओततात, आणि नको म्हटलं की नको हा शब्द ऐकू आलाच नाही असं करून आणखी ओततात. पुण्यात आम्ही आग्रह करतो, पण तिथे पाहुण्याला नाही म्हणायची एक जागा ठेवलेली असते. इथे ती जागाच नव्हती. मला हे फार आवडलं. बोलायची गरजच उरत नाही.

मग बापूंनी गोठा दाखवला. मोठा गोठा, चार दावणी, आणि आत एकच बैल. पांढरा, म्हातारा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. त्याचं नाव मास्तर.

"भाऊ मास्तर झाला त्या साली बाबांनी बैल घेतला, त्याचं नाव मास्तर ठेवलं. तेव्हापासून एक मास्तर असतोच. हा चौथा." बापूंनी त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. "याच्या जोडीचा वैशाखात गेला. आता काम सगळं ट्रॅक्टर करते, नवीन कशाले घेऊ? पण पोळ्याले जोडी पायजे. एकटा बैल गावात फिरवला तर त्याले काय वाटेल?"

मला हळूहळू कळलं. देवघरातला बैल हा मास्तरचा जोडीदार होणार होता. बापू त्याच्याविषयी सांगू लागले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्या बैलाला वशिंड नाही, हे मी पाहिलं का? (मी पाहिलं होतं. युरोपातल्या बैलांना नसतंच.) माय म्हणायची, जू ओढून ओढून झिजलं बिचाऱ्याचं. म्हणून दर पोळ्याला ती कणकेत हळद मळून त्याला वशिंड करून लावायची, आणि संध्याकाळी तेच मास्तरला खायला घालायची.

"भाऊकडे कानबाई राहील, माझ्याकडे माझा बैल. दोघांचं मन राहिलं. तू तं शिकलेली आहे, तुले पटते ना?"

बैलाने माझ्याकडे बघितलं. बापूंनी बघितलं. मी वाक्य जुळवत होते. त्याला कापू नका, तो दीडशे वर्षांपूर्वीचा असेल, तो आणि ती एकाच गोष्टीतले आहेत. पण मग मास्तर एकटा फिरणार, आणि बापूंचा चेहरा पुन्हा विझणार. मी कोण, दोन दिवसांची पाहुणी.

"बट्टी खूप छान होती," मी म्हटलं.

परतल्यावर मात्र मी ठरवलं की काकूंना सांगायचं. भावांशी बोलणं जमणार नव्हतं, पण स्वयंपाकघरात पाठमोऱ्या माणसाशी बोलता येतं. काकू रविवारच्या पुरणासाठी डाळ निवडत होत्या. मीही शेजारी बसून निवडू लागले आणि डाळीकडे बघतच सुरुवात केली.

"काकू, ती बैलावरची बाई कोण आहे, मला माहितेय."

"कोण?"

मग मी बोलले. इतकं सलग मी मराठीत कधीच बोलले नव्हते. युरोपा समुद्रकाठी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत होती. त्यांच्या देवांचा राजा तिच्यावर भाळला आणि बैलाचं रूप घेऊन तिथे चरायला आला. इतका शांत, इतका देखणा, की मुलींनी त्याच्या गळ्यात माळा घातल्या. युरोपा त्याच्या पाठीवर बसली. तो हळूहळू पाण्याकडे गेला आणि एकदम समुद्रात शिरून पोहायला लागला. तिला दुसऱ्याच देशात घेऊन गेला.

मी थांबले. माझे कान तापले होते, पण आतून मी नुसती नाचत होते. मी सांगितलं! आता काकू म्हणतील, अगोबाई, मग ही एकच गोष्ट आहे, कापायची कशाला.

काकूंचा हात सुपात थांबला होता.

"तिले विचारलं त्याने? येते का म्हणून?"

"नाही."

"देव होता म्हणतेस. देवाले बोलता येत नव्हतं?"

"बैल झाला होता ना..."

"तिच्या आईबापाले सांगितलं?"

"नाही. तिचे भाऊ शोधायला निघाले, पण त्यांना ती सापडली नाही."

"मग माहेरी कधी आली ती?"

"नाही आली."

"एकदाबी नाही?"

"एकदाही नाही."

काकूंनी एक खडा काढून भिंतीकडे भिरकावला. "माझं माहेर खकनार. बसने तास लागतो. लग्न झालं तेव्हा मी तीन दिवस रडली, की किती लांब दिलं म्हणून. आणि हिले समुद्रापार नेलं, न विचारता, आणि आम्ही त्याच्या गळ्याले हार घालून राहिलो?" त्या उठल्याच. "तीस वर्षं मी तिची ओटी भरली. कोणाच्या पाठीवर बसवून? त्या चोराच्या!"

"काकू, तसं नाही..."

"उद्या मी स्वतः येते उस्तादकडे. यांचं काय, हे दोघं तिथंबी तू घे तू घे करत बसतील. मी उतरवते तिले."

आतापर्यंत कापायला दोघं तयार होते. माझ्या एका गोष्टीने तिसऱ्या माणसाची भर पडली होती, आणि ती सर्वांत ठाम होती.

शनिवार, उस्तादांचं दुकान

भांडी घडवणाऱ्यांची गल्ली शहराच्या जुन्या भागात आहे. पलीकडून यंत्रमागांची खडखड येते, अलीकडून हातोड्यांची, आणि दोन्हींच्या मधून माणसं आरामात गप्पा मारत असतात. उस्ताद सत्तरीचे असावेत. (एकोणसत्तर की एकोणऐंशी, यात माझा नेहमी गोंधळ होतो, म्हणून सत्तर.) दुकानात परातींची चळत, एक भट्टी, धातू घट्ट धरायचा एक शिकंजा. भाऊ, बापू, काकू आणि मी, एवढ्यांनीच ते भरलं.

उस्तादांनी आधी चोळी आणि नथ काढून काकूंच्या हातात दिली. बैलाच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला.

"अंदरसे पोकळ आहे. विलायती काम," ते म्हणाले. "सुंदर आहे पण. कोणी सांगितलं कापायला?"

"मी," भाऊ आणि बापू एकदम म्हणाले.

"मी," काकू म्हणाल्या, त्यांच्याहून मोठ्याने.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या कुर्त्यावरच्या डागाकडे बघितलं. बापूंनी सांगितल्याप्रमाणे तो काळा झाला होता.

"बसवायला सरळ तळ पाहिजे," उस्ताद म्हणाले. "हे कीट काढावं लागेल आधी." त्यांनी चिंचेचं वाडगं पुढे ओढलं आणि माझा जीव वरखाली झाला. जुन्या ब्राँझवरचा तपकिरी रंग घासून घालवायचा नसतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण त्यांनी मूर्तीला हात लावला नाही. ओल्या फडक्याने फक्त पायथ्याचा थर भिजवला, आणि बांबूच्या चिमट्याने, दातात अडकलेलं काढावं तसा, एकेक पापुद्रा उचलू लागले. शंभर वर्षांचं कुंकू. खाली पडून त्याचा छोटा ढीग झाला. काकूंनी तो कागदात गोळा केला, कारण ते टाकायचं नसतं.

मी वाकून बघत होते. आधी एक वळण दिसलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. मला वाटलं गवत असेल, फुलांचं कुरण, कारण गोष्ट तिथेच सुरू होते. मग उस्तादांनी एक मोठा खपला उचलला आणि त्याखालून एक मासा वर आला.

मासा! करंगळीच्या नखाएवढा, खवल्यांसकट. त्याच्यापुढे उसळलेली लाट, तिच्या टोकाला फेस, फेसाचे बुडबुडेसुद्धा कोरलेले. बैलाचे पुढचे खूर दिसत नव्हते, कारण ते पाण्याखाली होते. मागचे पाय ताणलेले होते, कारण तो पोहत होता. इतकी वर्षं हे सगळं हळदीकुंकवाखाली झाकून राहिलं होतं, आणि आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर, बाहेर आलं होतं. आमच्या संग्रहालयात असं काही कधी घडत नाही. तिथे सगळं आधीच सापडलेलं असतं.

"अरे, ये तो पानी है," उस्ताद म्हणाले.

"तापी!" बापू म्हणाले. "भाऊ, पूर आलेला आहे बघ."

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "मासा पण आहे रे."

काकू मात्र आणखी खाली वाकल्या होत्या. त्या मुलीच्या पायाकडे बघत होत्या. चोळी-नथ उतरल्यावर ती फार लहान दिसत होती, सतरा-अठराची. तिच्या पायाची बोटं आखडलेली होती, लाट लागू नये म्हणून वर घेतलेली. हे मीही कुठल्या चित्रात पाहिलं नव्हतं.

"पानी असो की माती," उस्तादांनी मूर्तीभोवती गोणपाट गुंडाळून ती शिकंज्यात बसवली, "कापायचं तर पाठीवरून. इथून." त्यांनी करवत उचलली, पातं मुलीच्या मांडीखाली टेकवलं आणि खूण करायला एकदा हलकेच ओढलं. तपकिरी धातूवर केसाएवढी पिवळी रेघ उमटली. ती रेघ अजून तिथे आहे. "बोला. चालवू?"

भाऊंनी बापूंकडे बघितलं, बापूंनी भाऊंकडे. "चालवा," काकू म्हणाल्या. "उतरवा तिले."

माझ्या मनात कुठलंही वाक्य जुळलेलं नव्हतं. तरी मी हात पुढे करून करवतीचं पातं धरलं, आणि बोलले.

त्यानंतर जे झालं ते आधी सांगून टाकते. उस्तादांनी करवत भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि माझी बोटं उलटीसुलटी करून कापलं नाही ना ते बघितलं. काकूंनी चोळी आणि नथ माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "घाल तिले, तूच घाल," आणि मग तिथेच, परातींच्या चळतीला टेकून, निवाडा दिला. एका चुलीपाशी बसलेला देव ये-जा करत नाही, हे बरोबर. पण ही कुठे बसलेली आहे? ही वाटेतच आहे. हिला इकडून तिकडे जायला कोण अडवणार? कानबाईला शहरात, पोळ्याला निंबोल्यात, बैलासकट. भाऊ थोडा वेळ बोटं मोजत राहिले, बाकी किती उरते ते बघत असावेत, आणि मग म्हणाले, "भाग न देताच सुटलं गणित." बापूंनी डोळे पुसले आणि धूर फार आहे म्हणाले. भट्टी पेटवलेलीच नव्हती.

रविवारी निंबोल्यात मास्तरची शिंगं हिंगूळ लावून लाल केली होती, पाठीवर आरशांची झूल होती. त्याच्या शेजारून बापू चालत होते, छातीशी टोपली धरून, आणि टोपलीत तो दीड वितीचा बैल, हळदीच्या कणकेचं ताजं वशिंड लावून, पाठीवर नथवाल्या मुलीला घेऊन. पायथा उघडाच ठेवला होता. गावातल्या बायका ओवाळायला पुढे आल्या की काकू त्यांना आधी लाटा दाखवायच्या, मग मासा, मग माझ्याकडे बोट करायच्या. "हिने सांगितलं. पुण्याहून आली. बोलत नाही, पण बोलली." मग त्या बायका मला म्हणायच्या, काय बोलली वं, आम्हालेबी सांग. मी पुरणपोळीने तोंड भरून घ्यायचे.

तेव्हा सांगितलं नाही, आता लिहून सांगते. त्या दुकानात, हातोड्यांच्या आवाजात, पातं बोटांत धरून मी एवढंच म्हटलं होतं:

"काकू, इथे नका उतरवू तिला. भर समुद्रात आहे ती, बुडेल. किनारा येऊ दे, मग उतरेल तिची ती."